कोळशाची रेघ आणि कागदाचा उजेड

कोळशानें व्यक्तिचित्र काढण्याचा परिपाठ आपल्याकडील कलाशाळांतून चांगलाच रुळलेला आहे. परंतु त्या चित्रांच्या प्रदर्शनांतून हिंडतांना आम्हांस वारंवार विषाद वाटतो. नाक, डोळे, केसांची बट, सारें हुबेहूब. गालावर बोटानें घासघासून आणलेली तकाकी. आणि तरीही त्या चेहऱ्यामागें माणूस नाहीं! छायाप्रकाश हें चित्रकाराचें विचार करण्याचें साधन आहे, केवळ सजावटीचें नव्हे, याचा छायाचित्राची नक्कल करण्याच्या नादांत विसर पडला आहे.

कोळशाच्या चित्रांत प्रकाश काढतां येत नाहीं. तो राखावा लागतो. काढावयाची ती छाया. तैलरंगांत काम करणाऱ्यास अखेरीस पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन डोळ्यांत चमक आणतां येते. कोळशाच्या चित्रकाराजवळ उजेड म्हणून असतो तो कोरा कागद. फार तर खोडरबरानें किंवा पावाच्या तुकड्यानें थोडें काळें टिपून घेतां येतें. म्हणूनच कोठें थांबावें हें ज्यास उमगलें, त्यास हें माध्यम उमगलें असें आम्ही समजतों.

जॉन सिंगर सार्जंट यांनीं १९०७ नंतर तैलव्यक्तिचित्रें बहुतांशीं सोडून कोळशाचीं शेंकडों मुखचित्रें काढलीं. मागची बाजू गडद करून चेहऱ्याचा उजेड उठविण्याची त्यांची हातोटी वादातीत आहे; पण तेथें पुष्कळदां सफाई आधीं दिसते आणि माणूस मागाहून.

याउलट केटे कोल्विट्झ (१८६७-१९४५) या जर्मन चित्रकर्त्रीचें १९३३ सालचें कोळशाचें आत्मचित्र पाहावें. तें वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रहांत आहे. तपकिरी कागदावर साठी उलटलेली एक बाई एका बाजूनें दिसते. तिचा हात समोरच्या फळ्यावर कांहीं रेखाटीत आहे. मुखावरील छाया संयमानें घातलेली आहे. हाताचा पंजाही लक्षपूर्वक काढलेला आहे. पण या दोहोंना जोडणारा बाहू? तेथें बाहू असा नाहींच. आहेत ते वेगानें मारलेले नागमोडी फटकारे, आणि भोंवतीं मोकळा कागद.

हें चित्र अपुरें आहे असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाहीं. बाहीच्या चुण्या दाखविल्या असत्या तर वस्त्र दिसलें असतें. आतां दिसतो तो डोळ्यांपासून बोटांपर्यंत धांवणारा निश्चय. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याच वर्षीं कोल्विट्झबाईंना प्रशियाच्या कला अकादमींतून बाहेर पडणें भाग पडलें. १९१९ पासून त्या तिच्या सभासद होत्या. चित्रांत या घटनेची तक्रार नाहीं, अश्रू नाहींत. काम करणारा हात मात्र आहे.

यावरून आमच्या तरुणांनीं ते फटकारे उचलूं नयेत. ती दुसरी नक्कल होईल. घ्यावयाचा तो विवेक: या माणसाविषयीं मला काय सांगावयाचें आहे, हें ठरवून तेवढीच छाया घालावी आणि बाकीचा कागद निर्भयपणें मोकळा सोडावा. गालावरची तकाकी थोडी कमी झाली तरी चालेल. चेहऱ्यामागचा माणूस हरवतां कामा नये.