चिमटीचा स्वर: अलंकार कीं संवय?

कोणत्याहि कलेंत एखादी नवी युक्ति सांपडली म्हणजे तिचा जीवनक्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम ती गरजेंतून जन्मास येते, मग ती अलंकार होते, आणि अखेर तिची संवय जडते. विजेच्या गिटारवरील ज्या स्वरास वादक ‘पिंच हार्मॉनिक’ म्हणतात आणि ज्यास आपण या लेखापुरतें ‘चिमटीचा स्वर’ म्हणूं, त्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास या क्रमाचें बोलकें उदाहरण आहे. प्रस्तुत लेखकानें हा स्वर हातीं यावा म्हणून बरेच महिने खर्ची घातले. त्या खटपटींत वादनाचा लाभ किती झाला हें सांगणें कठीण. परंतु ऐकणें मात्र सुधारलें, आणि टीकाकारास तोच लाभ मोठा.

तार छेडली असतां ती आपल्या संपूर्ण लांबीनें तर कंप पावतेच, पण त्याच वेळीं दोन, तीन, चार, पांच अशा समान भागांनींहि कंप पावत असते. तंबोऱ्याची जवारी चांगली लागली म्हणजे खर्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गंधार ऐकूं येतो तो या पांच भागांच्या कंपाचाच होय; तेव्हां आमच्या रसिकांस ही गोष्ट अपरिचित नाहीं. भेद इतकाच कीं, तंबोऱ्यांत जो स्वर आपोआप उमलतो तो गिटारवादक चिमटीनें खुडून काढतो. पिक आंगठा व तर्जनी यांच्यामध्यें इतकी आंखूड धरावयाची कीं, तिचें केवळ टोंक बाहेर राहावें. तार छेडली जातांच आंगठ्याच्या कडेचें मांस तिला क्षणभर चाटून जातें. आंगठा जेथें लागला तेथें ज्या कंपांचा स्थिर बिंदु येतो तेवढे कंप टिकतात. बाकीचे, मूळ स्वरासुद्धां, दबून जातात. उरतो तो दोन-तीन सप्तकें वरचा एक तीक्ष्ण स्वर. मुळांत तो क्षीणच असतो. परंतु ॲम्प्लिफायरच्या डिस्टॉर्शनमुळें लहानमोठे ध्वनि एका पातळीस येतात, आणि मग त्या क्षीण स्वराची किंकाळी होते.

हा स्वर शिकविणारे बहुतेक शिक्षक एकच मंत्र देतात: पिक घट्ट धरा, मनगटास झटका द्या, डिस्टॉर्शन वाढवा. आम्हीं तो मंत्र श्रद्धेनें जपला. दहा वेळां छेडावें, तीन वेळां किंकाळी निघावी, सात वेळां नुसता मेलेला ठोका. आणि जी निघाली ती कां निघाली हेंहि कळूं नये! अखेर एके दिवशीं मोजपट्टी घेऊन बसलों तेव्हां चूक ध्यानांत आली. आम्ही जोर शोधीत होतों. शोधावयास पाहिजे होती जागा.

आमच्या गिटारची तार घोडीपासून वरच्या आडव्या पट्टीपर्यंत सुमारें ६२८ मिलिमीटर आहे. तिसरी तार पांचव्या पडद्यावर दाबली कीं कंप पावणारी लांबी सुमारें ४७० मिलिमीटर उरते. घोडीपासून ११८ मिलिमीटरवर आंगठा लागला तर तारेचा चौथा हिस्सा सांपडतो व दोन सप्तकें वरचा षड्ज निघतो. ९४ वर पांचवा हिस्सा, म्हणजे गंधार. ७८ वर सहावा, म्हणजे पंचम. ६७ वर सातवा, म्हणजे नेहमींपेक्षां किंचित् उतरलेला कोमल निषाद. चार निरनिराळे स्वर, आणि त्यांचें अंगण अवघें पांच सेंटिमीटरांचें! याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. आंगठा ७८ वरच ठेवून तीच तार मोकळी छेडली तर तेथें तिचा आठवा हिस्सा येतो, आणि बाराव्या पडद्यावर दाबून छेडली तर चौथा. पण तिन्ही वेळां वर निघणारा स्वर एकच! डावा हात मूळ स्वर बदलीत राहतो. वरचा स्वर ठरतो तो उजव्या आंगठ्याच्या जागेनें.

म्हणजे चिमटीचा स्वर हा गोंगाट नसून खरोखरीचा स्वर आहे, आणि तो निवडावा लागतो. हें एकदां कळलें म्हणजे परीक्षणाची कसोटीहि आपोआप हातीं येते: वादकानें तो निवडला आहे काय, आणि जेथें ठेवला तेथें त्याची गरज होती काय?

या कसोटीस पहिला उतरतो तो रॉय बुकॅनन (१९३९–१९८८). बॉबी ग्रेग या ड्रमवादकाबरोबर १९६२ सालीं ध्वनिमुद्रित झालेल्या ‘पोटॅटो पीलर’ या रचनेंत त्याचा चिमटीचा स्वर ऐकूं येतो, आणि या युक्तीच्या आरंभींच्या मुद्रणांत तिची गणना होते. फेंडर टेलिकॅस्टर हें त्याचें वाद्य. करंगळीनें आवाजाची कळ फिरवून स्वर शून्यांतून फुलवावयाचा, ही त्याची दुसरी खूण. या दोहोंच्या शेजारामुळें त्याची किंकाळी एकाकी वाटत नाहीं. आधीं हुंदका दाटतो व मग आवाज फुटतो. रॉनी हॉकिन्सच्या वाद्यवृंदांत त्याच्या सहवासांत आलेल्या रॉबी रॉबर्टसननें हाच स्वर १९६९ सालच्या ‘किंग हार्वेस्ट’ या गीताच्या अखेरीस योजिला आहे. नाडलेल्या शेतकऱ्याचें तें गीत. शब्द संपल्यावर गिटार दबक्या, तुटक आवाजांत बोलूं लागते आणि चिमटीचे स्वर गळा दाटून आल्यासारखे येतात.

झीझी टॉपच्या ‘ला ग्रेंज’मध्यें (१९७३) बिली गिबन्स हीच युक्ति अगदीं उलट भावासाठीं वापरतो. टेक्सासी ब्लूजच्या रंगेल ठेक्यावर त्याची तार किंचाळते ती चेष्टेनें, डोळा मिचकावल्यासारखी. दुःखासाठीं योजिलेली गोष्ट विनोदासहि साजते, हें त्यानें सिद्ध केलें.

यानंतर झॅक वाइल्ड. ऑझी ऑस्बॉर्नच्या ‘नो रेस्ट फॉर द विकेड’ (१९८८) पासून त्यानें चिमटीच्या स्वरास आपली सहीच केली. त्याचें सामर्थ्य नाकारणें अन्याय होईल. स्वर निघतांच तारेस तो जें रुंद आंदोलन देतो, त्यानें किंकाळीस विलक्षण भारदस्तपणा येतो. त्याचे चाहते म्हणतात कीं, जड ठेक्याच्या संगीतांत हा स्वर भाव सांगण्यासाठीं नसून आघात ठळक करण्यासाठीं असतो, व म्हणून त्याची पुनरावृत्ति हा दोष नव्हे. युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. परंतु प्रत्येक वाक्याच्या शेवटीं उद्गारचिन्ह आलें कीं त्यास पूर्णविरामाचीच किंमत उरते. आणि वाइल्डच्या अनुयायांत तर त्याचें आंदोलन गळून केवळ उद्गारचिन्हेंच उरलीं आहेत.

हा दोष आम्हीं परक्यांतच पाहिला असें नाहीं. जागा हातीं लागल्यावर आम्हांसहि मोह पडला. एका घरगुती बैठकींत चार मिनिटांची एक रचना वाजविली. श्रोत्यांत एक वयोवृद्ध गवई होते. त्यांनीं शांतपणें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “तार छान ओरडते हो तुमची, पण तिला झालंय काय?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं येऊन मोजलें तों एकोणीस ठिकाणीं तार ओरडत होती. एकेक किंकाळी काढून पाहिली. अठरा गेल्या तरी रचनेचें कांहीं बिघडलें नाहीं. एकोणिसावी काढली तेव्हां मात्र रचना लंगडली. तीच आम्हीं ठेविली.

अकराव्या शतकांत क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चे’त अलंकाराचें मोल त्याच्या स्थानावर ठरविलें. स्थान चुकलें कीं अलंकाराचें हंसें होतें, हें त्याचें म्हणणें काव्यापुरतें होतें. गिटारच्या तारेवर तें मिलिमीटरांत मोजतां येतें, एवढेंच आम्हीं शिकलों. आंगठा दीड सेंटिमीटर सरकला कीं पंचमाचा गंधार होतो, आणि किंकाळी एका चरणानें चुकली कीं वेदनेचा देखावा होतो. पहिली चूक मोजपट्टी दाखविते. दुसरी दाखविण्यास समोर एक प्रामाणिक श्रोता बसलेला असावा लागतो.