मार्गारेटचे हरवलेले पत्र

संत थॉमस मोर यांनी लंडनच्या टॉवरमधून लिहिलेली पत्रे भक्तिभावाने वाचली जातात. त्यांना तेथे आलेल्या पत्रांचा विचार मात्र क्वचितच होतो. बंदिवानांची भेट घेणे ही दयाकृत्ये मानणाऱ्या आपल्या समाजाने तरी थोरली लेक मार्गारेट रोपर हिची पत्रे संतचरित्राची पुरवणी म्हणून बाजूला ठेवू नयेत.

आठव्या हेन्रीने मागितलेली शपथ नाकारल्यामुळे १७ एप्रिल १५३४ रोजी मोर यांची रवानगी टॉवरमध्ये झाली. त्यानंतर मार्गारेटने लिहिलेले एक पत्र आज उपलब्ध नाही. शपथ घ्यावी, अशी गळ तिने त्यात घातली होती, हे वडिलांच्या उत्तरावरून कळते. पुढे जे काही भयंकर ओढवेल, त्याहूनही लेकीची ही विनवणी आपल्या जिव्हारी लागली, असे त्यांनी कळविले.

१५५७ साली मोर यांचे इंग्रजी लेखन प्रसिद्ध करणारे विल्यम रास्टेल सांगतात, की मार्गारेटला मनातून तसे वाटतच नव्हते; मंत्री क्रॉमवेलचा विश्वास संपादून भेटीची परवानगी मिळवावी, एवढाच तिचा हेतू होता. रास्टेल हे मोर यांचे भाचे. घरच्या माणसाने केलेली ही सारवासारव मला पुरती पटत नाही. मार्गारेटने स्वतः शपथ घेतली होती, देवाच्या नियमाला धरून असेल तेथपर्यंतच, अशी पुस्ती जोडून. हेही त्याच ग्रंथात नमूद आहे. म्हणजे तिची सदसद्विवेकबुद्धी वडिलांच्या विवेकाची नक्कल नव्हती. युक्ती खरी असेल आणि विनवणीही खरीच असेल. बाप जगावा असे कोणत्या लेकीला वाटणार नाही?

वडिलांच्या त्या कठोर उत्तरावर मार्गारेट वाद घालीत नाही, खुलासाही करीत नाही. तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते, त्याचाच मला आधार आहे, असे ती लिहिते. पत्र परक्या हातांत पडू शकते याची जाणीव असलेल्या लेखणीचा हा संयम आहे. भेट पुढे मिळाली. त्या भेटीतील संवाद सांगणारे, सावत्र बहीण ॲलिस हिला लिहिलेले दीर्घ पत्र बापाने रचले की लेकीने, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. इतकी दोघांची भाषा एकजीव झाली होती.

६ जुलै १५३५ रोजी मोर यांचा शिरच्छेद झाला. आदल्या दिवशी कोळशाने लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्या जुन्या विनवणीचा उल्लेखही नाही. शिक्षा ऐकून परतताना, पहारेकऱ्यांच्या गराड्यात घुसून लेकीने सर्वांदेखत घेतलेले चुंबन मात्र ते आठवतात.