चौदा रात्रींचा हिशेब

शाळेची मुक्कामाची सहल ठरली की एखादे मूल ऐन वेळी नाव काढून घेते. कधी पैशांची अडचण असते, कधी आजारपण. आणि कधी खरे कारण ते मूल कोणालाच सांगू शकत नाही. सात वर्षांच्या शंभर मुलांमागे पाच ते दहा मुले झोपेत अंथरुण ओले करतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्राथमिक वर्गात अशी दोन-तीन मुले असणार. रागावणे, नवस आणि अंगारा झाल्यावर पालक कोणताही उपाय करून पाहायला तयार होतात. असाच एक उपाय म्हणजे कायरोप्रॅक्टिक.

अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये ही पद्धती सुरू केली. मणके जागचे सरकल्याने मज्जातंतूंचे काम बिघडते आणि हाताच्या झटक्याने मणके बसवले की शरीर सुधारते, असे ही पद्धती मानते. आपल्याकडच्या हाडवैद्यांचे दावे बहुधा हातापायांपुरते असतात. पामर यांनी मात्र जवळजवळ सर्वच रोगांची मुळे कण्यात शोधली. मूत्राशयाकडे जाणारे मज्जातंतू कण्याच्या खालच्या टोकाशी निघतात, हे खरे आहे. त्यामुळे कणा नीट केला की अंथरुण कोरडे राहील, हे ऐकायला पटते. पण पटणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे.

या दाव्याच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो तो रीड आणि सहकाऱ्यांचा 1994 चा शोधनिबंध. तो आपण वर्गातल्या उत्तरपत्रिकेसारखा तपासू.

मुले 46. त्यांपैकी 31 जणांना दहा आठवडे खरा उपचार दिला, तर 15 जणांना लुटुपुटूचा. म्हणजे उपकरण मुलाच्या पाठीवर न चालवता उपचारकाने स्वतःच्या बोटावर चालवायचे. ही योजना चांगली आहे, तिचे गुण द्यायलाच हवेत. उपचाराआधी आणि नंतर दोन-दोन आठवडे ओल्या रात्री मोजल्या. उपचार-गटात चौदांपैकी सरासरी 9.1 रात्री ओल्या होत्या, त्या 7.6 झाल्या. तुलना-गटात 12.1 च्या 12.2 झाल्या. या उपचाराची परिणामकारकता यातून ठळकपणे सूचित होते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

आता मांडणी पाहा. उपचार-गटाचा आकडा त्याच गटाच्या आधीच्या आकड्याशी ताडून 'फरक लक्षणीय' असे म्हटले आहे. पण तुलना-गट घेतला कशासाठी? मूल दहा आठवड्यांनी मोठे होते, घरचे संध्याकाळचे पाणी कमी करतात, रात्री उठवू लागतात; हे दोन्ही गटांत घडते. म्हणूनच एका गटातला बदल दुसऱ्या गटातल्या बदलाशी ताडायचा असतो. तशी तुलना निबंधात आहे, आणि तिथे फरक सांख्यिकी कसोटीला उतरत नाही. उपचाराचा काहीच गुण नसतानाही एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे सात निघते. मान्य मर्यादा पाचाची. पाच ही काही दगडावरची रेघ नव्हे, सातालाही कोणी 'थोडी आशा आहे' म्हणू शकेल. पण 'ठळकपणे' हा शब्द कुठून आला?

याहून मोठी अडचण आरंभाच्या आकड्यांत आहे. दोन गटांत सुरुवातीलाच तीन रात्रींचे अंतर होते आणि उपचाराने पडलेला फरक दीड रात्रीचा. तुलना-गटातली मुले जवळजवळ रोज अंथरुण ओले करणारी, म्हणजे मुळातच अवघड. उपचार-गटातील एक चतुर्थांश मुलांच्या ओल्या रात्री निम्म्या किंवा त्याहून कमी झाल्या, तुलना-गटात एकाचीही नाही, हे लेखकांचे दुसरे प्रमाण त्यामुळेच ढिले पडते. शिवाय कोणाला खरा उपचार मिळतो आहे हे उपचारकाला ठाऊक होते. आणि सगळे मान्य केले तरी दहा आठवड्यांनंतर मूल निम्म्याहून अधिक रात्री ओलेच!

'आमच्या मुलाला गुण आला' हे पालकांचे म्हणणे खोटे नसते. अशा शंभर मुलांपैकी पंधरा दर वर्षी आपोआप कोरडी होतात आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपायाला जाते. दरम्यान पैसा जातो तो जातोच, पण खरा उपाय लांबतो. ओल लागताच वाजणाऱ्या घंटेचा उपाय मॉरर दांपत्याने 1938 मध्ये मांडला. ती वापरताना सुमारे दोन-तृतीयांश मुले कोरडी होतात. थांबवल्यावर काही जण पुन्हा ओली करतात, हेही सांगायला हवे. मात्र सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, त्याला फार तहान लागू लागली किंवा दिवसाही कपडे ओले होऊ लागले, तर घंटेची वाट न पाहता डॉक्टरांकडेच न्यावे; त्यामागे मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा क्वचित कण्याचा खराखुरा दोष असू शकतो.

रीड आणि सहकाऱ्यांनी निबंधाच्या शेवटी मोठी, सहा महिने पाठपुरावा करणारी चाचणी व्हावी असे लिहिले होते. कॉक्रेन संस्थेने 2011 मध्ये सर्व पुराव्यांचा पुन्हा आढावा घेतला, तेव्हाही कायरोप्रॅक्टिकच्या बाजूचा पुरावा दुबळा आणि लहान चाचण्यांवर उभा असल्याचेच आढळले.