'गुड बाय, लेनिन!' : दोन असत्यांची तुलना

वोल्फगांग बेकर दिग्दर्शित 'गुड बाय, लेनिन!' (२००३) या जर्मन विनोदी चित्रपटात पूर्व बर्लिनमधील क्रिस्टियाने केर्नर ही समाजवादी निष्ठेची माता ऑक्टोबर १९८९ मध्ये बेशुद्ध होते व आठ महिन्यांनी शुद्धीवर येते. दरम्यान बर्लिनची भिंत कोसळलेली असते. तिला धक्का बसू नये म्हणून पुत्र अलेक्स घरापुरती जुनी राजवट जिवंत ठेवतो. जुन्या बरण्यांत नवी लोणची भरणे, खोटी बातमीपत्रे चित्रित करणे यांतून विनोदनिर्मिती होते.

तथापि चित्रपटाचा गाभा या बनवाबनवीत नाही. पती परस्त्रीसाठी पश्चिमेत गेला, हे आईनेच मुलांना सांगितलेले असत्य होते. वस्तुतः मुलांसह तिनेही मागोमाग जायचे ठरले होते. भीतीपोटी ती गेली नाही आणि त्याची पत्रे तिने स्वयंपाकघरातील कपाटामागे दडवली. तिच्या निष्ठेमागे असे दुहेरी जीवन होते.

अखेरीस सत्य कळूनही ती अलेक्सचा खेळ मोडत नाही. बातमीपत्र सोडून त्याच्याकडेच पाहत राहते. आईच्या असत्याने मुलांचा पिता हिरावला, मुलाच्या असत्याने आईला सन्मानाचा निरोप मिळाला. हा भेद चित्रपट उपदेशाविना दाखवतो. मात्र वंचित मुलांचा रोष तो फार लवकर शमवतो, ही त्याची उणीव होय.