शेजार नसलेली इमारत

विज्ञानकथा म्हटली की वाचकांच्या डोळ्यांसमोर अंतराळयाने उभी राहतात. जे. जी. बॅलार्ड यांच्या ‘हाय-राइज’ (१९७५) या कादंबरीत त्यांपैकी काहीच नाही. आहे ती लंडनमधील ४० मजल्यांची एक इमारत. १,००० सदनिका, २,००० रहिवासी. दहाव्या मजल्यावर बाजार, तलाव, शाळाही.

रहिवासी सारे सुशिक्षित व सुस्थितीतले; तरी मजल्यांगणिक त्यांच्यात जाती पडतात. खाली लेकुरवाळी कुटुंबे, मध्ये डॉक्टर-वकील, माथ्यावर इमारतीच्या वास्तुशिल्पज्ञांपैकी एक, अँथनी रॉयल. मुलांच्या गोंगाटावरून कुरबुर होते. दिवे गेले असताना वरच्या मजल्यावरचा एक कुत्रा तलावात बुडवला जातो. मग लिफ्ट बळकावणे, जिने अडवणे आणि अखेर रक्तपात.

या अधोगतीचा दोष काँक्रीटला देणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. कादंबरीतील सर्वांत भयंकर गोष्ट हाणामारी नव्हे. हे लोक सकाळी कामावर जातात, संध्याकाळी परततात आणि बाहेर कोणाला एक शब्दही सांगत नाहीत. दार उघडेच आहे. पण कोणाला बाहेर पडावेसेच वाटत नाही.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत माणसे जमिनीखाली, पोळ्यातील घरासारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. बटण दाबले की अन्न, स्नान, संगीत. वाष्टी यंत्रातून हजारोंना ओळखते. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या कुनोची, तिच्या मुलाची, मागणी एकच : प्रत्यक्ष येऊन भेट. ती निघते खरी. पण वाटेत तोल जाताना सेविकेने हात पुढे केला, तर तिलाच रागावते!

फॉर्स्टर यांची खोली भेट टाळण्यासाठीच बांधलेली आहे. बॅलार्ड यांच्या इमारतीत मात्र माणसे रोज लिफ्टमध्ये भेटतात, तरी शेजार नाही. म्हणून ते आम्हांस अधिक बोचतात. (अंगण सोडून तिसऱ्या मजल्यावर गेलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.) एका ठिकाणी मात्र आमचे त्यांच्याशी जमत नाही. डॉक्टर लेंग अखेरीस आपल्या बहिणीची शुश्रूषा करतो, पण बॅलार्ड यांना त्यातही खेळच दिसतो. फॉर्स्टर तसे करीत नाहीत. यंत्र कोसळत असताना, मरणाच्या अंधारात, वाष्टी आणि कुनो एकमेकांना शोधून काढतात, आणि या वेळी आई स्पर्शाला घाबरत नाही.