मोबाइल मानकांची स्पर्धा : राजकीय दबाव आणि प्रादेशिक मागणी (इराक २००३ – एक चिकित्सा)

प्रस्तावना :
तांत्रिक मानकाची निवड केवळ गुणवत्तेवर होते, असा एक समज आहे. ती केवळ सत्तेच्या बळावर होते, असा दुसरा. इराकचे उदाहरण तपासले असता हे दोन्ही समज अपुरे ठरतात.

विवेचन :
मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू असतानाच कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य डॅरेल इसा यांनी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना पत्र लिहून इराकच्या पुनर्बांधणीत सीडीएमए प्रणालीचा आग्रह धरला. जीएसएम हे जुने, युरोपीय मानक असून अमेरिकी करदात्यांच्या पैशाचा लाभ युरोपीय कंपन्यांना का मिळावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सीडीएमएची प्रवर्तक क्वालकॉम कंपनी सॅन दिएगोची आणि इसा यांचा मतदारसंघही त्याच परिसरातील, हा योगायोग दुर्लक्षिता येत नाही.

या युक्तिवादाचा तांत्रिक भाग निराधार नव्हता. मर्यादित वर्णपटात अधिक ग्राहक सामावण्याची सीडीएमएची क्षमता मान्य होती; जीएसएमच्या पुढील पिढीने, म्हणजे डब्ल्यूसीडीएमएने, तेच तत्त्व स्वीकारले. आर्थिक भाग मात्र दुबळा होता. मोटोरोला ही अमेरिकी कंपनी जीएसएमची उपकरणे बनवीत होती, आणि डब्ल्यूसीडीएमएतील पेटंटमुळे क्वालकॉमलाही स्वामित्वशुल्क मिळणार होते.

या मांडणीतील सर्वांत मोठी उणीव म्हणजे तीत इराकी ग्राहकच नाही. कुवेत, जॉर्डन, सौदी अरेबिया या शेजारी देशांत जीएसएम रुजले होते. उत्तरेकडील कुर्द भागातही एशियासेलची सेवा सुरू होती. सीमेपलीकडे चालणारा हँडसेट, सहज बदलता येणारे सिमकार्ड आणि रोमिंग यांचे मोल अशा प्रदेशात वर्णपटाच्या काटकसरीपेक्षा अधिक ठरते.

निष्कर्ष :
ऑक्टोबर २००३ मध्ये उत्तर, मध्य व दक्षिण विभागांसाठी जाहीर झालेले तिन्ही परवाने जीएसएमचेच होते. मात्र हा निर्णय परकीय ताब्याखालील प्रशासनाच्या काळात झाला. म्हणून त्याला निव्वळ लोकेच्छेचा विजय म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परवाना कोणाला, कोठे व केव्हा, हे सत्तेच्या हाती राहिले. परंतु शेजारच्या बाजारपेठांनी आधीच घडविलेली मागणी तिला डावलता आली नाही. २००७ च्या लिलावात पंधरा वर्षांच्या तीन परवान्यांसाठी प्रत्येकी १२५ कोटी डॉलर मोजले गेले, यावरून त्या मागणीचे बळ लक्षात येते. मानकांच्या अभ्यासात प्रयोगशाळा आणि संसद यांच्याबरोबर ग्राहकाचा प्रदेशही विचारात घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.