कायरल अल्कोहोलची निवडक निर्मिती : उत्प्रेरक पद्धतींची चिकित्सा
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
उजवा व डावा हात परस्परांची प्रतिबिंबे असतात. पण एक दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाही. हाच गुणधर्म असणाऱ्या रेणूंना कायरल म्हणतात. औषधनिर्मितीत या भेदाला मोठे महत्त्व आहे. प्रोप्रॅनोलॉल हे कायरल अल्कोहोल असून त्याचा बीटारोधक परिणाम मुख्यतः 'एस्' रूपामुळे घडतो. असममित कीटोनचे सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण केल्यास 'आर्' व 'एस्' ही दोन्ही रूपे समप्रमाणात मिळतात. एकच रूप हवे असल्यास उत्प्रेरकही कायरल असावा लागतो. अशा पद्धतींची श्रेष्ठता बहुधा 'प्रतिरूप आधिक्य' या एकाच आकड्यावरून ठरविली जाते. ९० टक्के आधिक्य म्हणजे दोन रूपांचे ९५:५ असे प्रमाण होय. हा एकच निकष पुरेसा आहे काय, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

धातू उत्प्रेरक :
या क्षेत्रात र्‍योजी नोयोरी यांचे कार्य पायाभूत आहे. त्यांना नोल्स व शार्पलेस यांच्यासमवेत २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नोयोरींनी १९८७ मध्ये रुथेनियम-बायनॅप उत्प्रेरकाने बीटा-कीटोएस्टरचे हायड्रोजनीकरण करून जवळजवळ शुद्ध एकरूप अल्कोहोल मिळविले. लिगँडचे रूप बदलले की अल्कोहोलचेही रूप बदलते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय. तथापि तिला हायड्रोजनचा मोठा दाब लागत असे. १९९५ मधील हस्तांतरण हायड्रोजनीकरणात आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा फॉर्मिक आम्ल हाच हायड्रोजनचा स्रोत असल्याने सिलिंडरची गरज उरली नाही.

येथे एक बाब लक्षणीय आहे. रुथेनियमच्या एका रेणूमागे ॲसिटोफिनोनच्या २४ लाख रेणूंचे क्षपण, हा नोयोरींच्या गटाचा १९९८ मधील विक्रम वारंवार सांगितला जातो. त्या प्रयोगातील प्रतिरूप आधिक्य मात्र ८० टक्केच होते. ९९ टक्के आधिक्य वेगळ्या लिगँडने साधले. हे दोन आकडे शेजारी ठेवून ते एकाच उत्प्रेरकाचे असल्याचा समज करून देणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष ठरते.

जैव उत्प्रेरक :
सातारा-सांगली हा उसाचा पट्टा आहे. रेठरे बुद्रुकचा कृष्णा किंवा साखराळ्याचा राजारामबापू यांसारख्या सहकारी कारखान्यांनी येथील अर्थकारण घडविले. मळीपासून मद्यार्क तयार करणारे यीस्ट अखेरच्या टप्प्यात ॲसिटाल्डिहाइडचे क्षपण करते. इथेनॉल कायरल नाही. परंतु त्याच यीस्टमध्ये इतर क्षपणकारी विकरेही असतात. त्यांच्यामुळे एथिल ॲसिटोॲसिटेटपासून 'एस्' एथिल ३-हायड्रॉक्सीब्यूटिरेट मिळते. सीबाख व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये 'ऑर्गॅनिक सिंथेसेस'मध्ये दिलेल्या कृतीनुसार आधिक्य सुमारे ८५ टक्के येते. यीस्टमधील काही विकरे विरुद्ध रूप घडवितात, हे या मर्यादेचे कारण होय. एस्टर सावकाश घालत गेल्यास शुद्धता वाढते.

ही पद्धत 'हरित' म्हणून गौरविली जाते. पण त्या कृतीत सुमारे ४० ग्रॅम एस्टरसाठी ५०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम यीस्ट, अडीच लिटरहून अधिक पाणी आणि तीन-चार दिवस लागतात. शिवाय पेशींच्या चोथ्यातून उत्पादित वेगळे काढण्यासाठी सेंद्रिय द्रावक वापरावा लागतो. जे. एस. यादव व सहकाऱ्यांनी हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत २००२ मध्ये दाखविलेली गाजराच्या कापांची पद्धत साधी व आकर्षक आहे. तिलाही हाच हिशेब लागू होतो. शिवाय यीस्ट व गाजर सामान्यतः एकच रूप देतात. दुसरे हवे असल्यास पर्याय शोधावा लागतो. उद्योगांनी वेगळी केलेली विकरे वापरून यातील बराच अपव्यय टाळला आहे. ॲटोर्व्हास्टॅटिनच्या मध्यवर्ती संयुगाच्या अशा निर्मितीसाठी कोडेक्सिस कंपनीला २००६ मध्ये अमेरिकेचा हरित रसायन पुरस्कार मिळाला.

शुद्धतेची पडताळणी :
महाविद्यालयाच्या दृष्टीने खरा प्रश्न मोजमापाचा आहे. कायरल स्तंभ असलेले एचपीएलसी उपकरण महाग असते. मात्र साखर कारखान्यात उसाच्या रसाचा 'पोल' ज्या तत्त्वावर मोजतात, त्याच प्रकाशीय वलनाच्या तत्त्वावर पोलॅरिमीटरने अल्कोहोलचीही परीक्षा करता येते. येथे सावधगिरी हवी. सुक्रोजचे विशिष्ट वलन सुमारे +६६.५ अंश असल्याने यीस्टच्या मिश्रणातील उरलेली साखर स्वतःच प्रकाशाचे वलन करते. उलट, क्षपण न झालेला एस्टर वलनशून्य असल्याने त्याच्या भेसळीमुळे आधिक्य प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणून द्रावकाने निष्कर्षण व ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेल्या नमुन्याचेच वलन ग्राह्य मानावे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कोणतीही पद्धत निरपवादपणे श्रेष्ठ नाही. धातू उत्प्रेरकांत रूपाची निवड हाती राहते, पण लिगँडचा खर्च व दाबाची साधने आड येतात. यीस्ट स्वस्त व सुरक्षित असले तरी त्याच्या खर्चाचा पूर्ण हिशेब मांडला जात नाही. प्रतिरूप आधिक्यासोबत उतारा, द्रावक, वेळ, पाणी व साखर यांची नोंद एकाच तक्त्यात देणे ही प्रकल्प-अहवालांची किमान अट असावी. साखर, यीस्ट आणि वलनमापनाची परंपरा ज्या परिसरात आहे, तेथील विद्यार्थी असममित संश्लेषण केवळ पाठ्यपुस्तकातून शिकत असेल, तर उणीव साधनांची कमी आणि दृष्टीची अधिक आहे. ८५ टक्क्यांचा प्रामाणिकपणे मोजलेला निष्कर्ष ९९ टक्क्यांच्या उसन्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचा असतो.